'बे' गळला की समजा भांडण झालं

'नागपुरी शिका' नावाचा एक मेसेज महिनाभरात मला चौघांनी पाठवला. तिघं पुण्याचे. त्यात म्हटलंय: 'बे' (हाक मारताना 'रे'सारखा लावतात तो) ही शिवी, 'करून राहिलो' (म्हणजे 'करतोय') ही हिंदीची नक्कल, 'भैताड' म्हणजे मूर्ख, 'सांभार' म्हणजे कोथिंबीर, आणि या बोलीला ना नियम ना व्याकरण.

कोथिंबिरीचं तेवढं खरं. पण म्हणून ही बोली काही टपोरी भाषा होत नाही. गोकुळपेठच्या बाजारात आजी "दहाचा सांभार दे" म्हणते, तेव्हा ती फक्त भाजी घेत असते.

आता 'बे'. नियम नाही म्हणणाऱ्यानं एकदा वडिलांना "काय बे" म्हणून पाहावं. बरोबरीच्या पोट्ट्यांत 'बे' चालतो, लहान भावाला चालतो. काकांना, मास्तरांना, अनोळखी माणसाला नाही. बायकांशी बोलताना तिथे 'वं' येतो: "काय करून राहिली वं?" (कॉलेजातल्या पोट्ट्या आता एकमेकींना सर्रास 'बे' करतात, ते सोडा.) माझा एक मित्र खरोखर रागावला की 'बे' टाकून 'तुम्ही'वर येतो. मग मी गुपचूप चहा सांगतो. शिवी असती तर रागात वाढायला हवी होती ना?

'करून राहिलो'वर हिंदीची सावली आहे, हे मी नाकारत नाही. नागपूर ही आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होती. जबलपूर, रायपूरची माणसं इथे कचेऱ्यांत यायची. पण हिंदीत नुसता धातू येतो, 'कर रहा'. आमच्यात 'करून' येतं, आणि तो 'ऊन' अस्सल मराठी आहे. उसनवारीच मोजायची तर पुणेकरांचे 'अर्ज', 'हजर', 'शिल्लक' कुठून आले तेही मोजू. ब्रिटिश काळात ग्रिअर्सननं केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातला मराठीचा खंड १९०५ चा. त्यातही नागपुरी मराठीच्याच खात्यात आहे.

'भैताड'चं उत्तर सुरावर आहे. भर पावसात छत्री घरी विसरून आलेल्या पोराचं डोकं पुसता पुसता माय म्हणते, "भैताड हायेस का रे!" त्यात लाडच जास्त. तोच शब्द सीताबर्डीच्या सिग्नलवर अनोळखी माणसाला म्हटला तर गाडी स्टँडवर लागते.

मेसेजच्या शेवटी 'येजो म्हणजे ये' असं एका ओळीत उरकलंय. सगळ्यात मोठी चूक तीच. "ये" म्हणजे आत्ता, इथे. "येजो" म्हणजे नंतर, सवडीनं, पण नक्की. जेवायला ताट वाढून ठेवलंय आणि कोणी "येजो" म्हणालं, असं होत नाही. ते निघताना, फाटकाशी म्हणतात: "दिवाळीत येजो बे."