कोलॅजन पावडर आणि बाळाची किडनी : त्या मेसेजबद्दल

कोथरूडपासून पार वाघोलीपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. किडनीची रक्त गाळणारी चाळणी कोलॅजन नावाच्या प्रोटीनची असते, म्हणून गरोदर बाईने सातव्या महिन्यापासून रोज दोन चमचे कोलॅजन पावडर घेतली की बाळाची चाळणी जाड होते, मोठ्यांची फाटलेली पण सांधते, आणि मुलाला पुढे किडनीचा त्रास झालाच तर आईने नीट खाल्लं नाही असं समजायचं. या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलेय, पण ओळीने घेऊ.

"कोलॅजनची असते." बरं, पण कुठल्या? या चाळणीच्या पातळ पडद्यात, म्हणजे बेसमेंट मेंब्रेनमध्ये, टाईप ४ असतं, शिवाय लॅमिनिन, निडोजेन, अ‍ॅग्रिन अशी दुसरी प्रोटीन्स. डब्यामागचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच डब्यांवर "बोवाइन, टाईप १ अँड ३" सापडेल, म्हणजे गुरांच्या कातड्यातलं (फॉरवर्ड करणाऱ्या निम्म्या काकू चातुर्मासात कांदा खात नाहीत, असो). टाईप १ चे दोर होतात, टाईप ४ ची जाळी. आणि पोटात गेल्यावर त्याची अमिनो आम्लं नि बारीक तुकडे होतात, ते काय पत्ता विचारत किडनीत जाऊन बसत नाहीत.

"आईच्या खाण्यातून चाळणी बनते." नाही हो, ती बाळाच्याच पेशी विणतात. पडद्याचा एक थर रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी विणतात, दुसरा तिच्या बाहेरून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी, मग दोन्ही थर एकजीव होतात. आणि खरी गंमत पुढे आहे, कारण सुरुवातीचा माल पुढे बदलला जातो, लॅमिनिनचा १११ नंबरचा प्रकार असतो तो जाऊन ५११ येतो आणि शेवटी ५२१, टाईप ४ कोलॅजनचंही तसंच, आधी अल्फा १ आणि २ च्या साखळ्या, मग केशवाहिन्यांची वेटोळी व्हायला लागली की पोडोसाइट अल्फा ३, ४, ५ बनवायला घेतात. हे सगळं जीन्स ठरवतात. १९२७ साली सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरांनी वर्णन केलेल्या आजारात (त्याला अल्पोर्टच म्हणतात) या ३-४-५ पैकी एकाचा जीन बिघडलेला असतो, मग गर्भातलंच कोलॅजन तसंच राहतं, काही वर्षं निभावतं आणि मग झिजतं, लघवीत रक्त जातं, पुढे ऐकूही कमी येतं. लॅमिनिन ५२१ मधली बीटा २ ही साखळीच नसेल तर पिअरसन सिंड्रोम हा आजार, जन्मापासूनच प्रोटीन गळतं. चमच्यांचा संबंध कुठे आला?

"जाड होते." जाड म्हणजे चांगलं हे कुणी सांगितलं? मोठ्या माणसात हा पडदा साधारण ३०० ते ३५० नॅनोमीटर, डायबेटीसमध्ये तो जाड होतो आणि तरी प्रोटीन गळतं.

"फाटलेली सांधते." पावडरने नाही. लघवीला फेस राहत असेल तर लघवीची प्रोटीनची टेस्ट आणि बीपी बघा, गरोदरपणात तर लगेच.

आता आईचा दोष. अल्पोर्टचा एक प्रकार आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आला तरच होतो, मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या घरांत याची शक्यता वाढते, मग एकट्या सुनेला कसलं बोलता?

बाळाच्या किडनीसाठी काही करायचंच असेल तर आई कुठली औषधं घेतेय तिकडे लक्ष द्या. नेफ्रॉन, म्हणजे किडनीतले रक्त गाळणारे बारीक घटक, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंतच बनतात, नंतर नवीन नाहीत. २० आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, आणि रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.