सौदीने अमेरिकेला खिशात घातलंय म्हणे! त्या फॉरवर्डचं काय खरं, काय खोटं

गेल्या दोन आठवड्यांत एकच फॉरवर्ड माझ्याकडे चार ग्रुपवरून आलाय, शेवटचा तर शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, जिथे एरवी फक्त गुड मॉर्निंग आणि केकचे फोटो असतात. मजकूर थोडक्यात असा: ९/११ च्या १९ हायजॅकर्सपैकी १५ सौदी होते तरी तेलाच्या लोभाने अमेरिकेने सौदीला कधी हात लावला नाही, देशभर विमानं बंद असताना लादेनच्या खानदानाला गुपचूप बाहेर काढलं, सौदी सरकारचा हात सिद्ध करणारी २८ पानं आजही तिजोरीत आहेत, आणि १९७४ चा पन्नास वर्षांचा पेट्रोडॉलर करार (म्हणजे सौदीने तेल फक्त डॉलरमध्ये विकायचं असा) ९ जून २०२४ ला संपला, आता अमेरिका खलास. खाली "मीडिया हे दाखवणार नाही" वगैरे.

१५ चा आकडा खरा आहे, आणि गोची तिथेच होते. १५ सौदी, २ अमिरातीचे, एक इजिप्तचा, एक लेबनॉनचा. सुरुवातीचा आकडा बरोबर निघाला की पुढचं सगळं माणूस न चावता गिळतो.

आधी पेट्रोडॉलरचं उरकून टाकू. ८ जून १९७४ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर आणि सौदीचे प्रिन्स फहद यांनी सह्या केल्या त्या आर्थिक सहकार्याच्या जॉइंट कमिशनवर. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं असं कलम त्यात नाही, पन्नास वर्षांची मुदत तर नाहीच नाही. त्या काळात लपवलेलं होतं ते वेगळंच. सौदीने तेलाचा पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांत घातला आणि एकट्या सौदीचे रोखे किती हे अमेरिकेच्या ट्रेझरीने चाळीसेक वर्षं वेगळं दाखवलंच नाही, ते पहिल्यांदा बाहेर आलं मे २०१६ मध्ये: ११६.८ अब्ज डॉलर. म्हणजे गुपित होतं, फॉरवर्डवाल्याने भलतंच पकडलं.

लादेन खानदानाचं विमान उडालं २० सप्टेंबरला. प्रवासी विमानांना आकाश १३ तारखेलाच खुलं झालं होतं. त्या विमानातल्या २६ पैकी २२ जणांना एफबीआयने प्रश्न विचारले होते, हे हल्ल्याची चौकशी करणाऱ्या ९/११ कमिशनने लिहून ठेवलंय. चौकशी अजून कसून व्हायला हवी होती म्हणा, माझी काही हरकत नाही, पण "विमानं बंद असताना" हे खोटं आहे.

ती २८ पानं म्हणजे अमेरिकी संसदेच्या ९/११ चौकशी अहवालातला गुप्त ठेवलेला भाग, तो १५ जुलै २०१६ लाच खुला झाला, काही ओळी काळ्या केल्यात, पण कुणीही डाउनलोड करून वाचावीत. मी वाचली. त्यात पुरावा कमी आणि "हा धागा तपासा" असे धागे जास्त आहेत. उदाहरणार्थ ओमर अल-बायूमी नावाचा सौदी माणूस, जो लॉस एंजेलिसच्या एका रेस्टॉरंटमध्ये दोन हायजॅकर्सना भेटला आणि नंतर सॅन डिएगोत त्यांना फ्लॅट मिळवून द्यायला मदत केली. तो म्हणतो योगायोग. कमिशनने २००४ मध्ये म्हटलं की सौदी सरकारने संस्था म्हणून किंवा बड्या अधिकाऱ्यांनी व्यक्तिशः अल-कायदाला पैसा दिल्याचा पुरावा सापडला नाही. शब्द नीट बघा हां, "संस्था म्हणून" आणि "बड्या". बारक्या अधिकाऱ्यांचं काय, हा प्रश्न तिथेच लटकला, आणि मृतांच्या नातेवाइकांनी तोच धरून ठेवलाय. २०१६ मध्ये त्यांना सौदी सरकारवर खटला भरता यावा असा कायदा झाला, ओबामांनी व्हेटो केला, तर सिनेटने तो व्हेटो ९७ विरुद्ध १ मतांनी झुगारला. ओबामांचा उलटवला गेलेला हा एकमेव व्हेटो. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने खटला रद्द करा ही सौदीची मागणी फेटाळली. सौदी सरकार आरोप नाकारतंच आहे. तर हे प्रकरण तिजोरीत नाही, भर कोर्टात चालू आहे, आणि "सौदी निर्दोष सुटलं" म्हणणारेही तेवढेच चूक.

आता "कधी हात लावला नाही". इथे मला खरा राग येतो, कारण या दोघांची भांडणं ९/११ च्या आधीपासूनची आहेत आणि ती तेलावरून कमी, आरोपीला भेटू देता की नाही यावरून जास्त. नोव्हेंबर १९९५, रियाधमध्ये सौदी नॅशनल गार्डच्या ट्रेनिंग ऑफिसबाहेर स्फोट. पाच अमेरिकन आणि दोन भारतीय गेले, ते दोन भारतीय आपल्याकडे कुणाच्या लक्षातही नाहीत. सौदीने चौघांना पकडलं, टीव्हीवर कबुलीजबाब दाखवला आणि एफबीआयला त्यांच्याशी एक शब्द बोलू न देता ३१ मे १९९६ ला मुंडकी उडवली.

महिन्याभरात, २५ जूनला, खोबर टॉवर्स, म्हणजे सौदीतली अमेरिकी सैनिकांची वसाहत. रात्री दहाच्या सुमाराला बिल्डिंग १३१ च्या गच्चीवरच्या पहारेकऱ्यांना दिसलं की एक टँकर कुंपणाला लागून उभा राहिला, आतली माणसं उतरली आणि दुसऱ्या गाडीत बसून सुसाट निघाली. पहारेकरी दारं बडवत वरच्या मजल्यांवरून लोकांना उठवत खाली निघाले, दोन-तीन मजले होतात न होतात तोच इमारतीचा दर्शनी भाग कोसळला. १९ अमेरिकन सैनिक मेले, जखमी शेकड्यांनी. एफबीआयचा प्रमुख लुई फ्री स्वतः सौदीच्या वाऱ्या करत बसला, तरी आरोपींशी बोलायला मिळेपर्यंत वर्षं गेली, आरोपपत्र आलं ते २००१ मध्ये. याला खिशात घातलेलं म्हणायचं तर कुणी कुणाला?

मग १२ मे २००३ ला रियाधमध्येच परदेशी लोकांच्या वसाहतींवर हल्ले झाले आणि सौदी राजघराण्याला कळलं की साप आपल्याच अंगणात फिरतोय. तिथून वारं फिरलं. २०१० मध्ये येमेनहून कार्गो विमानांत प्रिंटरच्या कार्ट्रिजमधून बॉम्ब निघाले होते, त्यांची टीप सौदीने दिली, म्हणून ते दुबई आणि इंग्लंडमध्ये सापडले. पण अशीच गुप्त माहिती सौदी दबावासाठीही वापरतं. २००६ मध्ये ब्रिटनने बीएई या आपल्याच शस्त्रकंपनीच्या सौदीशी झालेल्या व्यवहारातल्या लाचखोरीची चौकशी अर्ध्यावर सोडली, कारण चौकशी चालली तर दहशतवादाबद्दलची माहिती देणं बंद करू, अशी सौदीची धमकी होती. हे ब्रिटिश कोर्टाच्या निकालांतच आलंय. हायकोर्टाने चौकशी सोडणं बेकायदा ठरवलं, हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००८ मध्ये तो निकाल फिरवला. माझं म्हणणं एवढंच की रियाधचं चलनी नाणं तेल राहिलं नाहीये, ते आता गुप्त माहिती आहे. तेलाचं म्हणाल तर २०१८ पासून जगात सगळ्यात जास्त कच्चं तेल अमेरिकाच काढते आणि बाहेरून घेते त्यातलं सगळ्यात जास्त कॅनडाकडून.

या नाण्याचा आपल्यालाही एकदा फायदा झालाय आणि तो आपल्या बीड जिल्ह्याशी जोडलेला आहे. गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी उर्फ अबू जुंदाल, २६/११ च्या रात्री कराचीतल्या कंट्रोल रूममधून मुंबईतल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना देणाऱ्यांपैकी एक. तो पाकिस्तानी पासपोर्टवर सौदीत राहत होता आणि २०११ मध्ये पकडला गेला. पाकिस्तान म्हणे आमचा नागरिक आहे, आम्हाला द्या. भारताने घरच्यांचा डीएनए पाठवला, तो जुळला, अमेरिकेनेही जोर लावला असं तेव्हाच्या बातम्यांत होतं, आणि २१ जून २०१२ ला तो दिल्ली विमानतळावर पोलिसांच्या ताब्यात होता. फॉरवर्डच्या हिशेबाने सौदीने त्याला गुपचूप कराचीच्या विमानात बसवायला हवं होतं.