फाँडंटची सजावट फ्रिजमध्ये वाळते का?

घरगुती केक करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: फाँडंटची, म्हणजे केक सजवायच्या साखरेच्या मऊ लगद्याची, फुले व बाहुल्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे सकाळी त्या टणक होतात, घाई असल्यास ओव्हनमध्ये गरम कराव्यात, सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) ही लगदा घट्ट करणारी खाद्य पावडर सढळ हाताने घालावी, आणि वाळलेली सजावट केकवर केव्हाही लावावी. हे चारही मुद्दे तपासून पाहण्यासारखे आहेत.

फ्रिजचा मुद्दा सर्वांत फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधील हवा बरीच कोरडी असते आणि त्यात उघडी ठेवलेली पाकळी थोडीफार कडक होतेही. घोटाळा होतो तो ती बाहेर काढल्यावर. जुलैत मुंबईतील खोलीत तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर सुमारे 26 अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरते, मग 5 अंशांवरून बाहेर आलेले फूल त्यातून कसे सुटणार? साखर ते पाणी लगेच शोषते, पाकळी चकाकू लागते, बोटाला चिकटते, आणि बाहुलीच्या डोळ्यांचा काळा रंग तिच्या गालांवर ओघळतो. शिवाय फाँडंट मऊ राहावा म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि तेही हवेतला ओलावा धरून ठेवते. त्यामुळे नुसत्या फाँडंटची जाड बाहुली कोकणातील पावसाळ्यात आतून मऊच राहते.

ओव्हनच्या उष्णतेने जिलेटीन असलेला फाँडंट कडक होण्याऐवजी आधी ढिला पडतो आणि आकार ढासळतो. जाड तुकड्याची वरची साल आधी सुकते, आतला ओलावा अडकतो व भेगा पडतात. पापड-कुरडयांप्रमाणे ही फुलेही उन्हात घालावीत, असे सुचवणारेही भेटतात. परंतु गुलाबी आणि जांभळे खाद्यरंग उन्हात फिके पडतात, आणि साखरेला मुंग्या लागतात हे वेगळे सांगायला नको.

सीएमसी उपयुक्त आहे यात शंका नाही. पाव किलो फाँडंटला एक लहान चमचा हे रूढ प्रमाण आहे. मात्र ही पावडर पाणी बाहेर काढत नाही, तर ते बांधून ठेवते आणि लगदा घट्ट करते. ती जास्त झाली की पाकळीची कड लाटतानाच फाटते आणि वाळलेले फूल हात लागताच तुटते.

वाळवण्यासाठी लागते ती कोरडी, खेळती हवा आणि सवड. पाकळ्या फोमच्या तुकड्यावर किंवा चमच्याच्या खोलगट भागात कॉर्नफ्लॉवर भुरभुरून ठेवाव्यात, पंखा चालू ठेवावा, अधूनमधून बाजू पालटावी; पावसाळ्यात एसी असलेली खोली उत्तम. पातळ पाकळी कोरड्या हवेत रात्रभरात वाळते, बाहुलीला मात्र काही दिवस द्यावेच लागतात. मे महिन्यातील नागपुरात अडचण नेमकी उलटी असते: तिथे काम चालू असतानाच लगद्यावर साल धरते, म्हणून उरलेला गोळा क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळूनच ठेवावा लागतो.

राहिला ‘केव्हाही लावा’ हा मुद्दा. व्हिप्ड क्रीममध्ये पाणी असते, त्यामुळे दगडासारखे वाळलेले फूलही त्यावर बसवले की खालून विरघळू लागते. फुलाच्या मागच्या बाजूला वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्यावा, तो सुकू द्यावा, आणि केक टेबलावर मांडण्याच्या थोडे आधीच ते फूल लावावे.