साइडबोर्डवरच्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या तक्रारी अशा: कोरीव पॅनेलला चीर पडली, दारं एकमेकांवर घासतात, खण अडकतो, आणि 'हेन्री दुसरा' या राजाच्या काळचा सांगून सोळाव्या शतकातला नसलेला साइडबोर्ड (जेवणघरातलं क्रॉकरीचं कपाट) दिला.

दारांची चूक आमची. बसवताना पायांची लेव्हल बघितली गेली नाही. एवढ्या जड वस्तूच्या एका पायाखाली २ मिमी पोकळी राहिली तरी चौकट तिरकी होते आणि दारं मधोमध भिडतात. मिस्त्री येऊन वरचा भाग उतरवेल, पायाखाली पाचर घालेल, खर्च आमचा. तोवर कोणालाही दाराला रंधा मारू देऊ नका. गेलेली जुनी कड परत मिळत नाही.

पॅनेलला मात्र चीर नाही. ते चौकटीच्या खाचेत मुद्दाम सुटं ठेवतात, सरस लावत नाहीत, कारण ओक रुंदीत हलतो. ४० सेंमीच्या पॅनेलमधला ओलावा ४ टक्क्यांनी उतरला, की ते ३ ते ६ मिमी आकसतं. एसीच्या खोलीत हेच होतं. मग खाचेत दडलेली, पॉलिश न लागलेली कड बाहेर येते. तुमच्या फोटोतली फिकट रेघ चौकटीला अगदी चिकटून, सरळ गेली आहे. चीर असती तर कोरीव पानं तोडत मधून गेली असती. त्या कडेला गडद मेण लावा, बस. फेविकॉल किंवा लांबी (पुट्टी) कृपा करून भरू नका: जखडलेलं पॅनेल पुढच्या कोरड्या दिवसांत खरंच मधोमध फुटतं.

खण पावसाळ्यात फुगतो. रंधा मारलात तर डिसेंबरात खुळखुळेल. तो बाहेर काढून खालच्या कडांवर आणि आतल्या पट्ट्यांवर साधी मेणबत्ती घासा. तेल नको, त्यावर धूळ बसते.

फोटोत वर एक पांढरा गोल डागही दिसतो. गरम भांड्याची वाफ पॉलिशमध्ये शिरली की असा डाग पडतो. क्रॉकरी खुशाल ठेवा, जड ताटं खालच्या कप्प्यात. वर गरम भांड्याखाली जाड मॅट हवंच. आणि सॅनिटायझरने पुसू नका, स्पिरिट पॉलिश त्यातल्या अल्कोहोलमध्ये विरघळतं.

आता काळाचं. हेन्री दुसरा फ्रान्सचा राजा होता १५४७ ते १५५९; 'हेन्री दुसरा शैली' म्हणजे त्या काळच्या कोरीवकामाची एकोणिसाव्या शतकात निघालेली नक्कल, तिथल्या जेवणघरांसाठी भरपूर बनलेली. बिलावर 'शैली, १९व्या शतकाची अखेर' असं लिहिलं आहे. खण काढून मागच्या फळीवर टॉर्च तिरका धरा: कमानीसारखे ओरखडे दिसतील. ते गोल करवतीचे, सोळाव्या शतकात ती नव्हती. बोलताना 'शैली' हा शब्द आमच्याकडून गाळला गेला असेल, तर तुमचं रागावणं रास्त आहे. त्या कारणासाठी साइडबोर्ड परत द्यायचा असेल तर पूर्ण पैसे परत देऊ, वाहतूकही आमची.