सव्वादोन मिनिटांचा हिशोब

वेळेचं नियोजन कसं करावं हे मला काल भर पेपरात, पेपरचाच वेळ खर्चून शिकवण्यात आलं.

तीन तास, ऐंशी मार्क. पहिला तास बरा गेला. दुसऱ्यात अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. मी पाच मार्कांच्या उत्तराच्या ऐन मध्यावर होतो आणि पर्यवेक्षक सर सही करायला बाकाशी आले. पॅडखालचं हॉल तिकीट काढून दिलं. सरांनी ते बघितलं, मला बघितलं, आणि हात पुढे केला. पेन! त्यांच्या खिशाला एक पेन होतं, पण ते बहुधा खिशाच्या शोभेचं असावं. माझं पेन घेऊन त्यांनी सही केली आणि ते बोटांत फिरवत माझं उत्तर वाचायला लागले.

"किती मार्कांचं?"

"पाच, सर."

"मग एवढं कशाला लिहितोयस? बरं, ऐंशी मार्क आणि तीन तास. एका मार्काला किती मिनिटं?"

"सव्वादोन."

"शाब्बास. पाचाला?"

"सव्वाअकरा. सर, पेन..."

"आणि या उत्तराला किती झाली?"

"तुम्ही आलात तेव्हा आठ झाली होती."

एवढ्यावर कुणीही पुढच्या बाकाकडे गेलं असतं. सर बाकाला टेकले. "बघ, शेवटची दहा मिनिटं तपासायला राखून ठेवायची. मग एका मार्काला किती उरली?" मी मुकाट्याने हिशोब केला. दोन मिनिटं साडेसात सेकंद. भाषेच्या पेपरात मी तोंडी गणित सोडवत होतो आणि त्याचे मार्क कुठेच मिळणार नव्हते. पुढच्या बाकावरची मुलगी एवढ्यात दुसरी पुरवणी मागून मोकळी झाली. ती द्यायलाही सर गेले नाहीत. त्यांनी नुसती टेबलाकडे मान हलवली, आणि ती स्वतः उठून घेऊन आली.

"एकच मिनिट सांगतो," सर म्हणाले.

कुठल्याही कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला चक्क शास्त्रीय नाव देऊन ठेवलंय. सरांच्या एका मिनिटात सोपे प्रश्न आधी, अडलं तर जागा सोडून पुढे जा, पाठ ताठ ठेव, दर तासाला दीर्घ श्वास घे, रात्री झोप पूर्ण कर, एवढं सगळं बसलं. झोपेचं पटलं मला, पण ते आदल्या रात्री सांगायचं असतं ना?

आणि दमण्याचं म्हणाल, तर मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण नुसतं बसलं तरी विसेक टक्के ऊर्जा फस्त करतो. कठीण प्रश्न आला म्हणून त्याचा खुराक फारसा वाढत नाही म्हणे. म्हणजे खुर्चीत पेंगणारे सर आणि घामाघूम झालेला मी, दोघांचे मेंदू सारखेच खादाड. हात मात्र माझाच दुखतो. तीन तासांत जे तपासलं जातं त्यात डोकं किती आणि मनगट किती, हे एकदा कुणीतरी सांगावं. उत्तर येत असूनही हात चालत नाही म्हणून मार्क जातात, आणि वर "वेळ पुरवायला शीक" हेही आपणच ऐकायचं.

सर गेले. जाताना माझं पेन खिशात घालून गेले. आता तिथे दोन पेनं शोभत होती. हाक मारली तर त्यांनी दुरूनच ओठांवर बोट ठेवलं: शांतता. कंपासमधलं जादा पेन दर तिसऱ्या शब्दाला अडखळत होतं, रेघोट्या ओढून त्याला जागं करण्यातही सेकंद गेले. साडेसात तर नक्कीच.

शेवटच्या प्रश्नाचे नुसते मुद्दे लिहिले. घंटा झाली तेव्हा मी पुरवणी बांधत होतो, आणि सर पहिल्यांदाच घाईत होते. "चला, चला, वेळ संपला!" गाठ बसायच्या आत त्यांनी पेपर ओढला.

परवा गणित आहे. वर्गाबाहेर आमच्या बैठक क्रमांकांचा तक्ता लावतात, तसा आत कोण पर्यवेक्षक आहे याचाही लावायला काय हरकत आहे?