दंडाला काळी फीत, पोरगं कॉन्व्हेंटात

१ नोव्हेंबर आला की आमच्या बेळगावच्या गल्लीतले एक काका पेटतात. दंडाला काळी फीत, मराठी बेळगाव कन्नड राज्यात घातल्याचा १९५६ पासूनचा अन्याय तोंडपाठ! आणि नातू? कॉन्व्हेंटात. वर मलाच, "मराठी शाळेत पटच नाही की हो!" कसा असेल? तुमचाच नातू रोज पिवळ्या बसमधून टाटा करतोय ना! (बसपर्यंत दप्तर काकाच नेतात.) परवा तर कहर. पाटीवरची मराठी अक्षरं बारकी म्हणून खडेबाजारात तासभर भांडले आणि तिथूनच मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन आले. आख्खी इंग्रजीत! गणपतीसुद्धा इंग्रजीतच पावणार वाटतं! माझ्या हातावर कुंद्याचा गोड घास ठेवत म्हणाले, "स्पेलिंगं तेवढी बघा की, तुमचं इंग्रजी बरं आहे."