टायरमधली हवा काढा म्हणे!

काल पुन्हा तो व्हिडिओ आला. कंटेनर येतो, पुलाला धडकतो आणि केळ सोलावं तसा त्याचा टप मागे सोलत जातो. खाली वीस-पंचवीस हसणारे चेहरे. "एवढा मोठा पूल दिसला नाही?" "लायसन्स कुणी दिलं याला?" आणि मग ठरल्याप्रमाणे कुणीतरी ती गोष्ट टाकलीच. ट्रक अडकतो, मोठमोठे इंजिनिअर डोकं खाजवत उभे राहतात, आणि एक लहान पोरगं म्हणतं, "काका, टायरमधली हवा काढा की!"

ही गोष्ट ऐकत ऐकत मी म्हातारा व्हायला आलो. आधी क्लिनर होतो, नंतर सतरा वर्षं स्टिअरिंगवर काढली, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून लोडिंगचं बघतो. हवा काढून सोडवलेली गाडी मी आयुष्यात एकदा पाहिली आहे, खोटं कशाला बोलू. पण ती गाडी हळू जात होती आणि नुसती घासून थांबली होती. चाळीसच्या वेगानं घुसलेली गाडी पाचरीसारखी बसते. हवा सोडून मिळणाऱ्या दोन-चार इंचांत तिचं काही होत नाही. वरून रेल्वे जात असेल तर गाडी निघाली म्हणून प्रकरण मिटतही नाही. पूल जागचा हलला नाही ना, रूळ सरकले नाहीत ना, हे कुणीतरी जाणकारानं येऊन बघेपर्यंत वरच्या गाड्या थांबतात, नाहीतर रांगत जातात. एकट्या ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुलांना वर्षाला दीड हजाराच्या वर वाहनं धडकतात. तिथं सगळे ड्रायव्हर आंधळे आहेत का?

पोराच्या हुशारीचं कौतुक करा, माझी हरकत नाही. त्या गोष्टीत ड्रायव्हर कायम बावळट असतो, ते मला खुपतं.

"दिसला नाही का" म्हणणाऱ्यांना सांगतो. पूल दिसतो हो. दिसत नाही ती स्वतःची गाडी. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर असतात. कंटेनरचा टप चार मीटरवर, तोही डोक्याच्या वर आणि पाठीमागे. आरशात गाडीची बाजू दिसते, मागचं चाक दिसतं, टप मात्र कुठल्याच आरशात येत नाही. दोन वस्तूंची उंची ताडून बघायची, आणि त्यातली एक नजरेआड!

बरं, पुलाकडे तरी नजर पुरते का? चार मीटरचा पूल आणि चार मीटर वीसचा पूल, एक अडकवणारा आणि एक सोडणारा. शंभर मीटरवरून बघितलं तर या वीस सेंटिमीटरचा फरक आकाशातल्या पूर्ण चंद्राच्या पाव रुंदीएवढासुद्धा दिसत नाही. भरलेली गाडी पन्नासच्या वेगात असेल तर डोक्यात प्रकाश पडून पाय ब्रेकवर जाईपर्यंत वीस मीटर गेलेले असतात, आणि पुढं थांबायला आणखी वीस-पंचवीस लागतात. नीट अंदाज यावा इतकं जवळ जाल, तोवर ब्रेक मारायची वेळ टळून गेलेली असते.

आणि एक गंमत, जी स्टिअरिंगवर बसल्याशिवाय कळत नाही. लांबून प्रत्येक पूल ठेंगणाच दिसतो. जवळ जावं तसा तो वर वर उघडत जातो. नवा पोरगा प्रत्येक पुलाखाली मान खाली घालतो, अगदी शब्दशः, आम्ही हसायचो त्याला. वर्षा-दोन वर्षांत ती मान सरळ होते, कारण भीती वाटली तरी गाडी निघते हे शरीराला पाठ होतं. त्यामुळे पुलाखाली नवखाच अडकतो असं समजू नका. जुन्याला त्याचा अनुभवच नडतो.

मी स्वतः घासलोय. सकाळी मशीनचे सुटे भाग भरून एका पुलाखालून गेलो, आरामात. दुपारी माल उतरवला आणि संध्याकाळी त्याच पुलाखालून रिकामी गाडी घेऊन परत निघालो. तीच गाडी, तोच रस्ता, तोच मी. अचानक वरून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज, आणि क्लिनर ओरडला, "उस्ताद, थांबा थांबा!" थांबेपर्यंत टपाच्या पुढच्या कडेचा पत्रा हातभर उचकटला होता. पुलाच्या लोखंडावर आमच्या गाडीचा निळा रंग लागलेला, आणि त्याच्या शेजारी आधीच्या कुणाकुणाचे पिवळे, तांबडे, पांढरे ओरखडे. एखाद्या हजेरीपटासारखे. मी खाली उभा राहून ते बघत बसलो. एवढे लोक आधी घासून गेले होते आणि पाटीवरचा आकडा कुणी पुन्हा मोजला नव्हता.

कारण साधं होतं. सकाळी माल होता, चाकांवरचे पाटे, म्हणजे लोखंडी स्प्रिंगा, दबलेले होते. माल उतरला, पाटे मोकळे झाले आणि गाडी काही सेंटिमीटर वर उठली. मालकाला हे समजावायला गेलो तर तो म्हणाला, "सकाळी गेली ना? मग संध्याकाळी जायला काय झालं?" पत्र्याचे पैसे पगारातून कापले गेले. ते विसरलो. ते वाक्य अजून कानात आहे.

म्हणजे गाडीची उंची हा काही माणसाच्या उंचीसारखा एकदा मोजून कागदावर लिहायचा आकडा नाही. ट्रेलर तोच, पण घोडा, म्हणजे त्याला ओढणारी पुढची केबिनची गाडी, बदलला, ट्रेलरचं तोंड ज्या प्लेटवर टेकतं ती प्लेट जरा वर असली, की पुढची कड उचलली गेली. एअर सस्पेन्शनची, म्हणजे पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर बसलेली गाडी असेल तर एका बटणावर उंची बदलते. टपावर कुणी एसीचं युनिट बसवलं, ताडपत्रीखाली एखादी पेटी आडवी ठेवायची ती उभी राहिली, की कालचा आकडा आज चालत नाही. डंपरचं तर बोलायलाच नको. हौदा वर राहिला आणि गाडी निघाली, तर ड्रायव्हरला मागे काय उभं आहे ते कळायच्या आत पूल येतो.

रस्ताही बदलतो. जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर आणखी एक थर. पुलाची पाटी मात्र पहिल्या दिवशी लावली तीच. पूल जागच्या जागी आहे, पण खालची जमीन वर सरकली.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पुलाखाली रस्ता खोलगट असणं. पाणी साचतं ते पूल असतात ना, तेच. खोलगट बशीवर फूटपट्टी आडवी ठेवून बघा. पट्टीची टोकं काठावर टेकतात आणि मधला भाग बशीच्या तळापासून वर तरंगतो. लांब ट्रेलरचं तसंच होतं. पुढची चाकं अलीकडच्या... छे, पलीकडच्या चढावर, मागची चाकं अलीकडच्या उतारावर, आणि गाडीचा मधला भाग नेमका पुलाखाली, रस्त्यापासून नेहमीपेक्षा वर. चाकांत बारा मीटरचं अंतर आणि खोलगट वळण दोनशे मीटर त्रिज्येचं धरलं, तर हिशोबानं नऊ सेंटिमीटर निघतात. पुलाची उंची कोणी दोरी सोडून मोजली असेल तर ती खरीच असते, गाडीची उंचीही खरी असते, आणि तरी गाडी घासते. आता यात मूर्ख कोण, ते ठरवा.

आता पाट्यांकडे येतो, कारण माझा खरा राग तिथं आहे. बऱ्याच ठिकाणी पाटीवरचा आकडा मुद्दाम कमी लिहितात, सुरक्षिततेसाठी. ब्रिटनमध्ये मोजलेल्या उंचीतून निदान तीन इंच वजा करून पाटी लिहितात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तर बऱ्याच पुलांवर अख्खा एक फूट कमी लिहिलेला असतो. हेतू चांगला. पण ड्रायव्हर काय शिकतो? पाटीवर चार मीटर, माझी गाडी चार मीटर पाच, तरी निघाली. दुसऱ्या पुलावरही निघाली. मग जिथं पाटी अगदी खरी आहे, किंवा डांबराच्या थरांमुळे उलट जास्तच उंची सांगते आहे, तिथंही तो म्हणतो, "लिहितात कमी, चल." पाटीनंच त्याला पाटी न मानायला शिकवलं. आकडा खरा लिहा, राखीव किती धरलंय तेही लिहा, मोजल्याची तारीख टाका. निदान मोजणाऱ्याला पुन्हा यावं लागेल.

त्यात फूट-इंच आणि मीटरचा घोळ. फोनवर कुणी "बारा आठ" म्हणालं की समजायचं काय? बारा फूट आठ इंच, की बारा पूर्णांक आठ दशांश फूट? दोन्हींत दीड इंचाहून जास्त फरक आहे. दीड इंचात पत्रा राहतो किंवा जातो.

पण सगळं पाटीवर ढकलून ड्रायव्हरला मोकळं सोडणार नाही मी. अमेरिकेत डरहॅम गावात रेल्वेचा एक पूल आहे, ११ फूट ८ इंचांचा. समोर काम करणाऱ्या एका माणसानं २००८ पासून त्यावर कॅमेरा लावला आणि शंभराहून जास्त धडका टिपल्या. तिथं पाट्या होत्या, पुलाच्या आधी मार खायला आडवी लोखंडी तुळई होती, उंच गाडी आली की सिग्नल लाल होऊन समोर 'गाडी उंच आहे, वळा' असा दिव्यांचा फलक पेटत होता. तरी आदळायच्याच. शेवटी २०१९ मध्ये पूल आठ इंच उचलला. तरीही अधूनमधून कुणीतरी येऊन टप सोलून घेतंच. आता हे व्हिडिओ नीट बघा. त्यात भाड्यानं घेतलेल्या बंद पेटीच्या गाड्या किती आहेत ते मोजा. घरसामान हलवायला एका दिवसासाठी गाडी घेतलेला माणूस. तो आयुष्यभर कारच्या उंचीत वावरलेला. समोर आकडा लिहिलाय, पण त्याच्याकडे ताडून बघायला स्वतःचा आकडाच नाही. त्याला शंभर पाट्या दाखवल्या तरी उपयोग काय?

मेलबर्नमध्ये माँटेग्यू स्ट्रीटवर असाच एक तीन मीटरचा पूल पिवळ्या पाट्यांनी मढलेला आहे, तोही मार खातो. सिडनीच्या बंदराखालच्या बोगद्यात त्यांनी कंटाळून पाण्याचा पडदाच सोडला, आणि त्यावर प्रकाशानं भलंमोठं 'थांबा' उमटतं. एवढं केल्यावर मात्र माणूस थांबतो. पाण्याच्या भिंतीत कोण घुसणार!

अंदाज हा सवयीचा रोग आहे आणि तो नियम पाळणाऱ्यांनाही होतो, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण २३ मे २०१३ चं. वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नदीवरच्या पुलावरून परवाना काढलेला उंच माल चालला होता. पुढं पायलट गाडी, तिच्यावर उंची तपासायचा दांडा. पण पुलाचा वरचा सांगाडा बाकदार, मध्ये उंच आणि कडेला खाली. ट्रक कडेच्या लेनमध्ये होता, मधल्या बाजूनं गेला असता तर निघाला असता. वरच्या लोखंडाला माल घासत गेला आणि पुलाचा एक अख्खा गाळा नदीत कोसळला. मागच्या गाड्या पाण्यात. नशीब, कुणी मेलं नाही. पायलट गाडी चालवणारी व्यक्ती त्या वेळी फोनवर बोलत होती. दांडा होता, परवाना होता. 'या पुलाची सगळ्यात कमी उंची कुठल्या लेनवर' हे कुणी आधी बघितलं नव्हतं.

कमानीच्या पुलांबाबत मी पोरांना एकच सांगतो, कमानीच्या शेंड्याकडे बघू नका, तुमच्या टपाचा कोपरा जिथं येणार तिथं बघा.

आणि वळायची जागा! पाटी लावतात पुलाच्या तोंडावर. सोळा मीटरचा ट्रेलर तिथून वळणार कुठे? मागे रांग लागलेली, हॉर्नचा कल्लोळ, डावीकडे गटार. तिथं पोचलेल्या ड्रायव्हरपुढे दोनच वाटा उरतात. एक, उतरून सगळ्यांचा खोळंबा करायचा. दोन, देवाचं नाव घेऊन हळूच घालायची. पाटी त्याच्या आधीच्या फाट्यावर हवी, जिथून दुसरा रस्ता घेता येतो. पुलावर लावलेली पाटी त्याला बातमी देते, पर्याय देत नाही. मोबाइलचा नकाशाही कारवाल्यांसाठी बनलेला. त्याला तुमच्या टपाशी काही देणंघेणं नसतं.

ब्रिटनमध्ये तीन मीटरपेक्षा उंच गाडीच्या केबिनमध्ये उंचीची पाटी ड्रायव्हरला दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. आमच्या यार्डात कायद्याची वाट बघत बसलो नाही. गाडी भरून झाली की सपाट जागेवर उभी करायची. सगळ्यात उंच जागी एक सरळ पट्टी आडवी ठेवायची, ती बाजूला बाहेर काढायची, तिच्या टोकावरून ओळंबा सोडायचा आणि दोरी टेपनं मोजायची. दोन माणसं, पाच मिनिटं. आकडा मीटरमध्ये, काचेच्या आतल्या बाजूला, खडूनं. माल उतरवला की पुन्हा मोजायचं. पहिले दोन महिने पोरं कुजबुजायची, "म्हाताऱ्याला दुसरं काम नाही."

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला त्यातल्याच एकाचा फोन आला. "काका, पुलाच्या अलीकडे उभा आहे. पाटीवर चार मीटर दहा सेंटिमीटर, माझी रिकामी गाडी चार मीटर सात. काय करू?"

म्हटलं, डांबर कसं दिसतंय?

"नवं आहे. काळंभोर."

मग उतर, म्हटलं, आणि मोज.

मागे हॉर्न चालूच होते, फोनवर मला ऐकू येत होते. मग कुणाचा तरी चढलेला आवाज, पुढं काही अस्पष्ट बोलणं, आणि बराच वेळ नुसती रस्त्याची घरघर. मी फोन कानाला लावून बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी पोरगा म्हणाला, "काका, पुलाची उंची चार मीटर चारच भरली. मागे घेतोय. जो शिव्या द्यायला आला होता ना, टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं. त्याची गाडी चार मीटर पाच आहे."